तीन सशांचा डबा

लुंबिनीताईंनी बॅगेची चेन ओढली तशी मी गोलूला कडेवर घेतलं. चार वर्षांचं पोरगं, कडेवर घ्यायचं वय राहिलेलं नाही, त्याचे पाय माझ्या गुडघ्यापर्यंत लोंबतात. तरी घेतलं. खायची वस्तू घरात आली की ती कशाची आहे हे कळेपर्यंत त्याला खाली सोडायचं नाही, हा माझा नियम. घरात हा नियम कुणालाच आवडत नाही.

"उतरव की त्याला. आत्या आलीय त्याची, वाघ नाही," ताई म्हणाल्या.

"राहू द्या. झोपेतून उठलाय."

"झोपेतून? आत्ता तर दारात सायकल फिरवत होता."

मी गोलूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

लुंबिनीताई म्हणजे माझी मोठी नणंद. पुण्यात कंपनीत आहेत. कंपनीने त्यांना अठरा दिवस जपानला पाठवलं होतं. तिथून आल्यावर आठवड्याची रजा टाकून त्या नांदेडला आल्या, रविवारी. बॅगेत दोन ड्रेस आणि बाकी सगळा खाऊ. मांजराच्या तोंडाची पिवळी पाकिटं. आगगाडीच्या डब्यासारखा खोका, त्याला खरोखरच्या खिडक्या कापलेल्या. मिटलेल्या छत्रीच्या आकाराची बाटली. गुलाबी कॅन, त्यावर डोळे मिटून हसणारं एक फळ. आणि एक गोल पत्र्याचा डबा, गडद निळा, त्यावर चांदण्यात होडी आणि होडीत तीन ससे. खोटं कशाला बोलू, तो डबा मलासुद्धा हातात घ्यावासा वाटला. गोलूने तर कडेवरूनच दोन्ही हात पुढे केले.

"यात काय आहे, ताई?"

"बिस्किटं असतील."

"असतील म्हणजे?"

"मला कुठे वाचता येतं त्यांचं? दुकानात एवढं सुंदर मांडलेलं असतं ना गीता, माणूस वेडं होतं. मी कव्हर बघायचे आणि टोपलीत टाकायचे. जे गोड दिसलं ते घेतलं."

"कव्हर बघून."

"हो, कव्हर बघून. त्यात काय झालं?"

त्यात काय झालं ते त्यांना माहीत होतं. गोलू दीड वर्षाचा असताना लातूरला, माझ्या माहेरी, माझ्या आईने वरणभातात चिमूटभर शेंगदाण्याची चटणी कालवली होती. दहा मिनिटांत पोराचे डोळे सुजून बंद झाले, ओठ करंजीएवढे झाले, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. लातूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला परत आणलं आणि मला सांगितलं, शेंगदाण्याचा कणसुद्धा नको. आता आपल्याकडे शेंगदाण्याशिवाय काय असतं सांगा. वांग्यात कूट, खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, चटणी तर शेंगदाण्याचीच. मी नांदेडला परत आले आणि ह्या घरातलं कूट बंद केलं. दोन वर्षं झाली. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, त्या दिवसापासून जेवताना ताटाकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. "कूट न्हाई तर वांगं कशाला करावं? धुऊन तसंच खावं माणसानं," असं म्हणतात. कुटासाठी त्या शेजारी शरणम्मांकडे जातात. शरणम्मा देगलूरकडच्या. दोन्ही घरांत वाट्या-डबे सारखे फिरत असतात, आणि गेलेलं भांडं कधी रिकामं परत येत नाही. इकडून भाजी गेली की तिकडून चटणी येते. म्हणून स्टीलचं परकं भांडं दिसलं की मी आधी हुंगते. आईंना, म्हणजे सासूबाईंना, त्याचाही राग आहे.

आईंनी गुलाबी कॅन उचलला. "ह्ये काय, सरबत हाय का?"

"पिऊन बघ ना, तुझ्यासाठीच आणलंय," म्हणत ताईंनी तो फट्‌कन उघडून दिला.

तसलाच दुसरा कॅन बॅगेत होता. त्यावर मी मोबाइलचा कॅमेरा धरला. भाषांतराचं ॲप मी ताई येणार कळल्यावरच टाकून ठेवलं होतं. स्क्रीनवरची अक्षरं थरथरली आणि त्यांच्या जागी मराठी उमटली. फळाचा रस एक टक्का. मद्यार्क तीन टक्के.

आईंनी पहिला घोट घेतला. मी सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. दुसरा घोट गेला. "लई गोड हाय गं, लुंबे," म्हणाल्या. तिसरा गेला. मग मी सांगितलं.

पुढचं सगळं लिहायचं तर हे तीन घोटही लिहायलाच पाहिजेत.

"दारू?" आईंनी कॅन असा खाली ठेवला जसा काही त्यात विंचू होता. "पंचशील घेतलेली बाई मी! दर पौर्णिमेला विहारात पुढं बसून म्हणती! आन्‌ पोटची पोरगी मला दारू पाजून राहिली?"

"आई, तीन टक्के म्हणजे काहीच नसतं."

"तीन टक्के!" आई मोरीकडे धावल्या. बराच वेळ चुळा भरण्याचा आवाज येत राहिला.

ताई माझ्याकडे वळल्या. "तू आधीच वाचलं होतंस."

"आत्ताच वाचलं."

"खोटं बोलू नको. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते."

मी एकटीच बघते असं मला वाटायचं.

*

सोमवारी दुपारी कॉलेजमधून आल्यावर मी सगळी पाकिटं जमिनीवर मांडून बसले. मी तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. एम.एस्सी. लातूरला केली. एकेक पाकीट उलटं करायचं, मागची बारीक अक्षरं कॅमेऱ्यात धरायची, वहीत लिहायचं. चालणाऱ्या वस्तूवर हिरव्या मार्करने बरोबरची खूण, न चालणाऱ्यावर लाल फुली. ॲप अर्धवट बरळत होतं. आगगाडीच्या खोक्यावर म्हणालं, "समुद्राची पाने आनंदाने भाजली." ताई सोफ्यावर पाय घेऊन बसल्या होत्या, हसल्या.

"लिही, लिही वहीत. आनंदाची ॲलर्जी आहे का विचार डॉक्टरला."

मांजराच्या पाकिटावर अक्षरं उभी छापलेली होती. ॲप म्हणालं, "फूल पडते, जन्म घेते." ताई पुन्हा हसल्या. "कविता आहे बघ."

मी हसले नाही. फूल गळतं, मग त्याचा देठ जमिनीत घुसतो आणि मातीखाली शेंग धरते, असं एकच पीक मी दरवर्षी पोरांना शिकवते. मी कात्रीने पाकीट कापलं. आत तांदळाच्या कुरकुरीत गोळ्या. एक गोळी चमच्याने फोडली. मधोमध अख्खा शेंगदाणा.

तो मी ताईंच्या समोर टीपॉयवर ठेवला.

"हे मांजर काल गोलूच्या हातात होतं," मी म्हणाले. "तुम्ही दिलं होतं. मी ओढून घेतलं तर म्हणालात, रडव पोराला."

ताईंचं हसू गेलं, पण नरमपणा काही आला नाही. रागावल्या की त्यांची पुण्याची मराठी गळून पडते. "म्हंजी? भाच्याला मारायला आणलं म्हणतीस का मी? सोळा किलोची बॅग घेऊन आलेय, स्वतःचे कपडे तिथं टाकून. एक शब्द नाही तुझा, ताई छान आहे म्हणून. आल्यापासून नुसती जकात नाक्यावर बसल्यासारखी बसलीस."

"छान आहे. कव्हर छान आहे."

"माझ्या आईच्या घरात आईला कूट मिळत नाही. शेजारी जाऊन खाते चोरासारखी. ते दिसतं का तुला? तुला फक्त पाकिटं दिसतात."

"मला गोलू दिसतो."

आई दारात उभ्या होत्या. "भांडा," म्हणाल्या. "जपानाहून आणलंय, भांडा आता." आणि आत गेल्या.

तीन सशांचा डबा शेवटी राहिला होता. मैदा, लोणी, साखर, अंडं, मीठ. खालच्या चौकटीतही शेंगदाण्याचं नाव नाही. दोनदा तपासलं, उजेड बदलून तिसऱ्यांदा तपासलं. झाकणावर तिसऱ्या सशाच्या कानाजवळ हिरवी खूण केली आणि डबा फ्रिजवर ठेवला.

"ज्यावर माझी खूण आहे तेवढंच गोलूला द्यायचं," मी दोघींना ऐकू जाईल असं सांगितलं. "खूण नसेल तर नाही."

"होय, साहेब," ताई म्हणाल्या.

खूण केली खरी, पण दिलं मी काहीच नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गोलू फ्रिजकडे बोट करून ससे मागायचा आणि मी म्हणायचे, उद्या. ॲप चुकलं असलं तर? आईंनी हे बघितलं. त्याही बघतातच.

*

गुरुवारी प्रीतमचा फोन आला. प्रीतम माझा नवरा, रेल्वेत आहे, त्या आठवड्यात त्याची ड्युटी पूर्णेला होती.

"ताई रविवारी चाललीय. दोन दिवस जरा गोड राहा की."

"मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस, तेच. तिनं पोरासाठी एवढं आणलं, तू एक बिस्कीट त्याच्या तोंडात घातलं नाहीस म्हणे. रडत होती फोनवर."

ताई रडतात हे मला माहीत नव्हतं. मला त्याचा रागच आला. माझ्यासमोर हसायचं आणि भावाला फोन करून रडायचं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला आई विहारात गेल्या होत्या. ताई हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या. गोलू ससे, ससे करत माझ्या पायात घुटमळत होता. मी फ्रिजवरून डबा काढला, मुद्दाम हॉलमध्ये आणला, ताईंच्या समोर टीपॉयवर ठेवला आणि झाकण उघडलं. कागदाच्या नक्षीदार वाट्यांत गोल बिस्किटं नीट लावलेली. मी एक उचललं.

"घे. आत्यानं आणलंय तुला," मी म्हणाले. हे गोलूसाठी नव्हतं.

ताईंनी लॅपटॉपवरून मान वर केली. चेहरा जरा सैल झाला. गोलूने अर्धं बिस्कीट खाल्लं आणि थांबला. "खाजतंय," म्हणाला. जीभ बाहेर काढून हाताने पुसायला लागला.

मला कळलं, आणि तरी दोन-तीन सेकंद मी तशीच उभी राहिले. खूण होती ना. माझी खूण होती.

मग त्याच्या गळ्यावर गांध्या उठल्या. एक, दोन, मग मोजता येईनात. तो खोकला. मी फ्रिजमधलं ॲलर्जीचं औषध काढलं, अर्धं त्याच्या तोंडात, अर्धं माझ्या हातावर. ताई चपला न घालता स्कूटीची किल्ली घेऊन दारात. "बस मागं!" ओरडल्या. मी बसले, गोलू मध्ये. त्याची छाती माझ्या तळव्याखाली शिट्टी वाजवत होती, लातूरला वाजली होती तशीच. ताईंनी सिग्नल बघितला नाही, उलट्या बाजूने घातली गाडी, एका ऑटोवाल्याने शिवी दिली ती ताईंनी त्याला व्याजासकट परत केली. मी फक्त "श्वास घे, बाळा, श्वास घे" एवढंच म्हणत होते. गोलूने गाडीवरच उलटी केली, ती सगळी ताईंच्या पाठीवर. त्यांनी मान वळवली नाही.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, नाकावर मास्क लावला. डॉक्टर तरुण होते. "काय खाल्लं?"

"परदेशातलं बिस्कीट," मी म्हणाले. "जपानचं. ह्यांनी आणलंय."

दहा मिनिटांनी शिट्टी बारीक झाली. वीस मिनिटांनी गोलू चिडून मास्क ओढायला लागला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आता घाबरू नका, चिडायला लागला म्हणजे बरं आहे." रात्रभर ठेवणार होते. मी बाहेर पॅसेजमध्ये आले. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या, अनवाणी, पाठ ओली. त्यांच्या हातात तो निळा डबा होता. एवढ्या घाईत तोही डिकीत टाकून आणला होता.

"तो कशाला आणलाय?" मी म्हणाले. "दाखवायला? किती छान आहे ते?"

"डॉक्टर विचारतील काय खाल्लं म्हणून आणला."

"सांगितलं मी. तुमचं कव्हर खाल्लं म्हणून सांगितलं." माझा आवाज चढला. सिस्टर बघायला लागल्या, बघू द्या म्हटलं. "न वाचता उचललंत. न विचारता आणलंत. तुम्हाला काय, फोटो काढायला बरं. लेकरू नाही तुम्हाला, तुम्हाला काय कळणार."

हे बोलायचं नव्हतं. प्रीतमने मला एकदा सांगितलं होतं, ताईंचं दोनदा पोटातलं मूल गेलं होतं, त्यानंतरच त्यांचा नवरा वेगळा झाला. मला माहीत होतं आणि मी ते बोलले.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग डबा उघडला, एक बिस्कीट उचललं, आणि तोंडात टाकलं. सावकाश चावलं. मला वाटलं, ह्या बाईला काही लाजलज्जा आहे की नाही.

"हे तिकडचं नाही," ताई म्हणाल्या.

"काय?"

"हे डालड्याचं आहे. आपल्या बेकरीतलं आहे, आपण पीठ देऊन भाजून आणतो ते. वेलदोडा आहे यात." पुन्हा चावलं. "आणि कूट आहे."

त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. मी एक बिस्कीट मोडलं आणि हुंगलं. स्टीलच्या प्रत्येक वाटीत मी दोन वर्षं जो वास शोधत होते, तोच. ह्या डब्याला मी नाक लावलंच नव्हतं. त्यावर ससे होते, आणि खूण होती.

*

आई ऑटोने आल्या, बरोबर शरणम्मा. दोघी जिन्यावरून धापा टाकत वर. शरणम्मांनी डबा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो! हे लेकरानं खाल्लं? मी सांगितली होती की कस्तुरक्काला!"

सगळं बाहेर आलं ते असं. गुरुवारी सकाळी मी कॉलेजात असताना आईंनी डब्यातली जपानची बिस्किटं शरणम्मांना दिली, डब्यासकट. "पोराला तर ती देत न्हाई, मऊ पडून जातील," म्हणून. शरणम्मांच्या घरी ती संपली. आता डबा रिकामा कसा परत करायचा? त्यांनी त्याच आठवड्यात पीठ, साखर, डालडा देऊन बेकरीतून बिस्किटं भाजून आणली होती, कूट घातलेली, त्यांच्या घरी तशीच करतात. त्याच कागदाच्या वाट्यांत ती नीट लावून शुक्रवारी सकाळी डबा आणून दिला. आणि दारातच सांगितलं, अक्का, यात कूट आहे, तुम्ही चहाबरोबर खावा, लेकराला देऊ नका.

सगळ्यांनी आईंकडे बघितलं.

आई बाकड्यावर बसल्या. बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. मग एकदम माझ्यावरच आल्या.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंस का तू? सांग की! उकिरड्यावर फेकली असतीस. मागच्या साली माझी शेंगापोळी फेकलीस तशी."

"म्हणून लपवली?"

"हाव, लपवली! माझ्या घरात मी लपवून खाऊन राहिली, सत्तरीला टेकलेली बाई. मला वाटलं तू त्या डब्याला हात लावत न्हाईस. पोरगं चार दिस मागून राहिलं, तू दिलं का? न्हाई दिलं. म्हनलं, ह्या घरात ह्याच डब्याला कुणी शिवत न्हाई."

शरणम्मा पदराने डोळे पुसत होत्या. माझ्याकडून त्यांना एक चांगला शब्द निघायला पाहिजे होता, त्यांनी तर सांगितलं होतं. निघाला नाही.

"गोलूला बघू का?" आईंनी शेवटी विचारलं.

"झोपलाय," मी म्हणाले. तो जागा होता. मी त्यांना तसंच बसवून आत गेले.

*

शनिवारी दुपारी गोलूला घरी आणलं. प्रीतम सकाळीच पूर्णेहून आला होता. कुणाला काय बोलावं हे न कळून तो गोलूला घेऊन गच्चीवर गेला. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. ताईंची बॅग दारात भरून ठेवली होती, रविवारपर्यंत थांबणार नव्हत्या, संध्याकाळच्या गाडीने निघणार होत्या.

मी फ्रिजवरचं, कपाटातलं, हिरव्या खुणेचं जे जे होतं ते खाली काढलं आणि हॉलमध्ये फरशीवर बसून एकेक फोडायला लागले. आगगाडीचा खोका. छत्रीची बाटली. एकेक तुकडा तोंडात टाकायचा, थांबायचं, मग पुढचा.

ताई दारात आल्या. "काय चालवलंयस?"

"चाखून बघतेय."

"आता?"

"हाव. आता."

त्या उभ्या राहिल्या. मग येऊन समोर बसल्या, जरा लांब, आणि आगगाडीच्या खिडकीतून एक चकती काढली. तोंडात टाकली. तोंड वाकडं केलं.

"मासळीचा वास येतोय. समुद्राची पानं ती."

"तुम्ही तिकडे खाल्लं नव्हतं?"

"यातलं काहीच नाही खाल्लं. मला तिकडचं काही जात नव्हतं घशाखाली, अठरा दिवस दहीभात शोधत होते. हे नुसतं घेत गेले. रूमवर मांडून ठेवायचे आणि बघायचे."

मी छत्रीची बाटली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी घोट घेतला. मीही घेतला. साखर होती, नुसती साखर.

"ताई, काल मी जे बोलले ते..."

"नको बोलू." त्यांनी बाटलीचं टोपण घट्ट लावलं. "तू माफी मागशील, मग मला बरं म्हणावं लागेल. मला अजून राग आहे. राहू दे तो."

"मला पण आहे."

"ठीक आहे मग."

त्यांची ऑटो गेल्यावर मी निळा डबा घासायला घेतला. हिरवी खूण साबणाने निघेना, म्हणून कापसाला नेलपॉलिश काढायचं औषध लावून घासली. खूण निघाली. बरोबर तिसऱ्या सशाचा कानही निघाला. मी डबा पुसला, आणि झाकणावर, तिन्ही सशांवरून, लाल मार्करने एवढी मोठी फुली मारली. बाजूलाही चारी अंगांनी फुल्या मारल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन तो आईंच्या समोर ठेवला.

"शरणम्मांची उरलेली बिस्किटं यात भरा. कूटही करा तुमचं, दुपारी, गोलू शाळेत असताना. यातच ठेवायचं, वरच्या फळीवर, आणि खाल्लं की हात धुवायचा. दुसऱ्या कुठल्या डब्यात नाही."

आईंनी डब्याकडे बघितलं. "उपकार करून राहिलीस का?"

"न्हाई. मला दिसलं पाहिजे."

त्यांनी डबा उचलला, फुल्या फिरवून फिरवून बघितल्या. "सशाचा कान घालवलास," एवढंच म्हणाल्या आणि शरणम्मांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डबा जड होता. त्यांनी स्टूल घेतलं, वरच्या फळीवर तो ठेवला, फुली पुढे करून.

गोलू गच्चीवरून खाली आला. वर बघितलं. ससे ओळखले त्याने, बोट केलं, आणि मग बोट तसंच हवेत धरून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांखालची सूज अजून उतरली नव्हती.

"ते माझं न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "ते आजीचं."

आई वरणाला फोडणी देत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"लाल हाय त्याच्यावर," गोलू त्यांना सांगत होता, "लाल हाय, आजी, मी न्हाई खात."

"हाव बाबा," आई म्हणाल्या. "ऐकलं."